दुसऱ्या बटणाची उंची

गल्लीत त्याला सगळे वॉशर म्हणत. कुणाचा नळ गळो, कुणाची टाकी भरून वाहो, हा प्लंबर आधी वॉशर बदलून बघे आणि दहातल्या आठ वेळा तेवढ्यानं भागूनही जाई. उरलेल्या दोन वेळा तो नळाच्या कंपनीला शिव्या घाले. तीस वर्षांच्या अनुभवातून त्याचं एक ठाम मत झालं होतं: जगात सांधे दोनच प्रकारचे, घट्ट आणि गळके. गळका दिसला की घट्ट करायचा, यापलीकडे त्याला तत्त्वज्ञान ठाऊक नव्हतं आणि कुणी सांगितलं असतं तर त्यानं ऐकून घेतलं नसतं.

त्याची बायको टपालवाली होती. सव्वीस वर्षं तिनं एकच बीट केली. बीट म्हणजे टपालाची ठरलेली फेरी. पोस्टाच्या मागच्या दारानं निघायचं, बेकरीपाशी वळायचं, शिंप्यांची ओळ, दगडी भिंतीचा लांब रस्ता, मग जिन्यांच्या चार इमारती आणि शेवटी टेकाडावरची घरं. रोज तेच. दोन वर्षांपूर्वी त्या चारांतल्या तिसऱ्या इमारतीच्या जिन्यावरून ती पडली. ऑपरेशन झालं, मणका सांधला गेला, पण कमरेखाली काही परत आलं नाही. पायाला टाचणी टोचली तरी तिला कळत नसे. डॉक्टर आधी दर भेटीत 'बघू या' म्हणायचे. ते म्हणेनासे झाले तेव्हा दोघांनाही काय ते समजलं, आणि दोघांनीही न समजल्यासारखं दाखवलं.

पूर्वी ती घरी आली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. कुणाच्या मुलाला नोकरीचं पत्र आलं, कुणाच्या कुत्र्यानं रजिस्टरची पावतीच खाल्ली, कोण पाकीट हातात घेऊन तासभर उघडतच नाही. वॉशर हं हं करत ऐकायचा, म्हणजे ऐकायचा नाहीच. आता ती बोलत नव्हती आणि त्याला त्या गप्पांवाचून घर खायला उठत होतं. ती चिडत नव्हती, रडत नव्हती, काही मागतही नव्हती. भाजीत मीठ विसरलं तरी म्हणायची, "छान झालीय." अशा शहाण्या बाईबरोबर राहणं फार जड जातं. तिनं एखादं भांडं तरी आपटावं असं त्याला मनापासून वाटायचं.

आणि एका सकाळी तो पाने-हातोड्याची पिशवी खांद्याला लावत असताना ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, मला माझी बीट बघायचीय."

त्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "नेतो की! दोन माणसं बोलावतो, खुर्चीसकट खाली उतरवतो, मग..."

"नको. मला उचलून आणलेलं त्या लोकांनी बघायचं नाही. मला फक्त बीट बघायचीय."

दोन वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. वॉशरनं त्या दिवशीची सगळी कामं पुढे ढकलली, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, आणि मोबाईल हातात धरून तो अख्खी बीट शूटिंग करत फिरून आला. संध्याकाळी मोठ्या दिमाखात वायर जोडून त्यानं ते टीव्हीवर लावलं. पडद्यावर रस्ता असा काही उड्या मारायला लागला की बेकरी येईपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडला आणि शिंप्यांची ओळ येईपर्यंत त्याला बादली आणावी लागली.

तोंड पुसून ती म्हणाली, "राहू दे. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं."

ते 'राहू दे' त्याच्या फार जिव्हारी लागलं. एकदा का हिनं राहू दिलं, की ही पुन्हा काही मागायची नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओवाल्याकडे गेला. हा लग्नाकार्याचं शूटिंग करणारा माणूस. त्याच्या बाथरूमचं लीकेज वॉशरनं दोनदा काढलेलं, त्यामुळे मैत्री होती. त्यानं कपाटातून एक मोटरवाली काठी काढून दाखवली. तिच्यावर मोबाईल लावला की हात कसाही हलो, चित्र हलत नाही.

"ही देता का चार दिवस?"

"अहो वॉशरदादा, हिच्यावरच पोट आहे माझं. रोज कामावर असते. आणि नवीन घ्यायची म्हणाल तर..." त्यानं किंमत सांगितली. वॉशरनं काठी हलकेच टेबलावर ठेवली आणि हात पँटला पुसले.

"पण मोटर नव्हती तेव्हाही लोक शूटिंग करतच होते," स्टुडिओवाला म्हणाला. "सोपं आहे. एक दांडा घ्या. वर मोबाईल, खाली वजन. मध्ये जिथं तोल साधतो तिथं मूठ लावा. वजन दांड्याला सरळ ठेवतं, हाताचे हिसके मुठीतच मरतात. पाईप तर तुमच्या घरात पडलेलेच असतील."

पाईप? घरात पलंगाखाली पाईपच होते. वॉशरचा जीव भांड्यात पडला. ही तर आपली लाईन! त्यानं अर्ध्या इंची पीव्हीसीचा हातभर तुकडा कापला, वर झाकण बसवून त्यावर मोबाईलची पकड चढवली, खाली आटे पाडलेली सळई घातली आणि तिच्यावर वजनाला वॉशर ओवले. दुसरं काय ओवणार? मधल्या मुठीसाठी एका मोडक्या स्केटच्या चाकातली बेअरिंग काढली आणि जोड दिला. जोड देताना हात सवयीनं चालले. टेफ्लॉन टेप गुंडाळली, सोल्युशन लावलं, पान्यानं शेवटचा आटा आवळला. बादलीभर पाणी ओतलं तरी थेंब गळला नसता. मग ते घेऊन तो जिन्यात वरखाली फिरला आणि बघतो तर चित्र पहिल्यापेक्षा जास्त नाचतंय. आधी नुसता हात हलत होता, आता हातभर काठीचं टोक हलत होतं.

स्टुडिओवाल्यानं ती वस्तू हातात घेतली, मूठ फिरवून बघितली आणि हसत सुटला. "दादा, हे तुम्ही गळू नये म्हणून बनवलंय का?"

"म्हणजे?"

"हा सांधा सैल हवा. अगदी ढिला. मूठ एकीकडे, दांडा दुसरीकडे, एकमेकांना पत्ता लागता कामा नये. तुम्ही तर वेल्डिंग केल्यासारखा आवळलाय."

वॉशरचं तोंड बघण्यासारखं झालं. उभ्या आयुष्यात त्याला कुणी सांधा सैल कर म्हणून सांगितलं नव्हतं. घरी येऊन त्यानं तो जोड करवतीनं कापला. नवीन जोड केला, पण नुसता अडकवून सोडून द्यायचा म्हटलं की बोटं ऐकेनात; दर वेळी अर्धा आटा जास्तच बसायचा. चार जोड वाया गेल्यावर त्यानं पाना दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला आणि नुसत्या चिमटीनं काम केलं. पाचवा जोड साधला. दांडा आडवा धरून सोडला की तो सावकाश, मान डोलावत उभा राहायचा. वॉशर ते पंधरा-वीस वेळा करत बसला. बायको पलंगावरून बघत होती. "खेळणं झालं का?" तिनं विचारलं. आवाजात किंचित हसू होतं, म्हणून तो आणखी पाच वेळा करत बसला.

स्टुडिओवाल्यानं चालायचंही शिकवलं. गुडघे वाकवून, टाच आधी टेकवून, काठोकाठ भरलेलं पातेलं नेल्यासारखं. वॉशरनं आठवडाभर घरात तशी चाल घोटली. मग एका सोमवारी तो पुन्हा बीटवर गेला आणि असं शूटिंग करून आला की स्टुडिओवाल्यानंही पाठ थोपटली.

टीव्हीवर बेकरी आली, गेली. शिंप्यांची ओळ सरळ रेषेत सरकत गेली. तिला काही मळमळलं नाही. दगडी भिंतीच्या रस्त्यावर ती एकदम म्हणाली, "हे काय? या भिंतीमागे बाग आहे?"

"आहे की. पेरूची झाडं आहेत."

"सव्वीस वर्षं गेले मी इथून. मला कधी दिसली नाही." ती पडद्याकडे बघत राहिली. पण तिच्या चेहऱ्यावर तो आठवडाभर ज्याची वाट बघत होता ते काही उमटेना. दुसऱ्या इमारतीपाशी तिनं मान फिरवली. "बंद करा."

"का? मळमळतंय?"

"नाही. चांगलं झालंय. फार गुळगुळीत झालंय. कुणीतरी मला ढकलत नेतंय असं वाटतं." तिनं चाकाच्या खुर्चीच्या हातावर बोट ठेवलं. "हिच्यातून असंच दिसतं."

वॉशरचा संयम तिथे सुटला. "मग काय हवंय काय तुला? हललं की उलटी, नाही हललं की खुर्ची! पाच जोड केले मी! आठवडाभर बदकासारखा चालतोय घरात, लोक हसतायत!"

"मला चालायचंय!" ती ओरडली. इतक्या मोठ्यांदा, की शेजारचा रेडिओ बंद झाला. "बघायचं नाहीय मला, कळलं? मला चालायचंय!"

तिनं उशी उचलून भिरकावली. ती टीव्हीला लागून खाली पडली. दोन वर्षं तो हे भांडण मागत होता, आणि आता मिळालं तर तो पलंगाच्या कडेला टेकला. मग त्यानं विचारलं, "तू कशी चालायचीस गं?"

तिला वाटलं, तो टोमणा मारतोय. पण त्याला खरंच माहीत नव्हतं. ती सकाळी निघायची त्याच्याआधी, यायची त्याच्याआधी. लग्न-मुंजीला गेले तर तो पुढे आणि ती मागे. सव्वीस वर्षांत किती तरी वेळा ती म्हणाली असेल की एखाद्या शनिवारी माझ्याबरोबर चला, गंमत दाखवते. दर शनिवारी कुणाच्या तरी घरी पाईप फुटलेला असायचा. ती रस्त्यानं जाताना मागून कशी दिसते हे तिच्या बीटवरच्या कुत्र्यांना ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

"उभे राहा," ती म्हणाली. "आधी उंची. तुम्ही ते तुमच्या उंचीवरून काढलंय, म्हणून पेरू दिसले."

"तुझे डोळे कुठे यायचे माझ्या?"

ती पटकन म्हणाली, "शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी." आणि मग थोडं थांबून, "वरून दुसऱ्या."

त्यानं त्या बटणावर बोट ठेवलं. तिथं तिचे डोळे यायचे, आणि कपाळ गळ्याशी. आता ती बसलेली असायची, नाहीतर निजलेली. ते बोट काढून घेणं त्याच्या जिवावर आलं, पण ती पुढचं सांगत होती.

माळ्यावरून तिची टपालाची बॅग काढली. तिनं ती मांडीवर घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि रद्दी भरायला लावली. "अजून. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जड असते. अजून भरा." बॅग डाव्या खांद्यावर. डावा खांदा थोडा खाली. पावलं छोटी, पण भराभर. उजवा पाय किंचित बाहेर पडायचा.

"अशी?" तो खोलीत चालून दाखवू लागला.

"अशी चालायचे मी? कंबर कशाला हलवताय?"

"तू हलवायचीस."

"मेलं तुमचं बघणं! परत चाला."

तो पुन्हा चालला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन तिनं त्याला पुन्हा चालवलं. मग दांड्याखालच्या वॉशरांची पाळी आली. वजन जास्त तर चित्र सरकतं, कमी तर पाऊल जाणवतं. तो खोलीत चार फेऱ्या मारून शूटिंग करी, टीव्हीला जोडी, ती बघून सांगे, "एक काढा." पुन्हा फेऱ्या. "अजून एक." नऊ वॉशरांतले चार काढल्यावर तिनं डोळे बारीक केले. पडद्यावर त्यांचीच खोली, दुसऱ्या बटणाच्या उंचीवरून, बारीक पावलांच्या ठेक्यात पलंगाकडे येत होती. "आता राहू द्या," ती म्हणाली. या वेळचं 'राहू द्या' ऐकून त्याला बरं वाटलं.

निघायच्या दिवशी तिनं सगळे थांबे त्याच्याकडून वदवून घेतले. शिंप्याच्या दुकानाशी आत डोकवायचं. भिंतीच्या रस्त्यावर उन्हाच्या बाजूनं नाही, सावलीच्या बाजूनं. टेकाडावर निवृत्त मास्तर फाटकाशी उभे असतात, त्यांचा मुलगा दूर असतो. पत्र असो नसो, तिथं थांबायचंच. "आणि तुम्ही बोलायचं नाही. तुमचा आवाज आला की मी घरी येते."

त्यानं मान डोलावली. मग बॅगेचा पट्टा नीट करत, तिच्याकडे न बघता विचारलं, "त्या जिन्याचं काय? तिसऱ्या इमारतीच्या. गाळू?"

"तोही माझ्याच बीटमधला आहे," ती म्हणाली.

शिंप्यापर्यंत पोचतानाच पट्टा खांद्यात रुतायला लागला. दुसऱ्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर त्याला धाप लागली आणि पोटऱ्या भरून आल्या. एवढं करून ही रोज घरी यायची, चहा टाकायची, आणि मी हिला माझ्या दुखऱ्या कंबरेच्या कहाण्या सांगायचो, हे आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली. आपण एकदा तरी हिच्या मागून इथं यायला हवं होतं. पुढं ती चाललेली असती, आपण रिकाम्या हातानं मागं, आणि तिनं वळून म्हटलं असतं, या ना, दमलात का. आता तो तिच्या उंचीवर हात धरून, तिचा खांदा पाडून, तिच्या पावलांनी चालला होता, आणि ती तेवढी कुठेच नव्हती. डोळे भरून आले तरी त्याला ते पुसता येईनात, कारण एका हातात दांडा होता आणि दुसऱ्यानं बॅग धरली होती.

दुपारी त्यानं पडदे ओढले, तिला खुर्चीत बसवलं आणि शूटिंग लावलं.

पहिल्या वळणालाच तिचा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला. शिंप्याच्या दुकानात चित्र आत डोकावलं. शिंप्यानं मशीन थांबवलं, चष्मा वर केला, टपालाच्या बॅगेकडे पाहिलं आणि तो सरळ पडद्याबाहेर तिच्याकडे बघत म्हणाला, "या बाई. किती दिवसांनी!"

"कामं कशी चाललीयत?" तिनं विचारलं. तिला आपण बोललो हे कळलंच नाही. दगडी भिंत सावलीच्या बाजूनं आली; बाग दिसली नाही, फक्त दगड आणि त्यातली गवताची पाती. तिनं समाधानानं मान हलवली. वॉशर दाराशी उभा होता. तो टीव्हीकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

तिसरी इमारत आली. पावलं वर गेली, दारं झाली, आणि चित्र जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबलं. खाली अठरा पायऱ्या. वॉशर तिथं खरोखरच थांबला होता. त्याच्या पायांना पुढं जायचं नव्हतं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. बोटं पांढरी पडली. "चला," ती हळूच म्हणाली.

चित्र एक पायरी उतरलं. मग दुसरी. प्रत्येक पायरीला बारीकसा ठेका. ती तोंडातल्या तोंडात मोजत होती. अकराव्या पायरीला तिचा आवाज बंद झाला. बारावी. तेरावी. सोळा, सतरा, अठरा, आणि मग उन्हाचा रस्ता आणि एक सायकल जाताना. तिनं सोडलेला श्वास त्याला दारापर्यंत ऐकू आला.

टेकाड चढून चित्र फाटकाशी थांबलं. मास्तर पुढं झाले, भिंगाकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या, काही विचारलं नाही.

"आज नाही, सर," ती म्हणाली. "उद्या बघू."

पडद्यावर मास्तरांनी मान डोलावली आणि फाटकावर हात ठेवून ते तसेच उभे राहिले. चित्र संपलं.

वॉशरनं पडदे उघडले नाहीत. तिच्याजवळ जावं की नाही हे त्याला कळेना. ती डोळे मिटून, मान मागं टाकून बसली होती. गालावरून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"दमले हो," ती म्हणाली. "पाय दुखतायत."

तो खाली जमिनीवर बसला. तिचे दोन्ही पाय उचलून त्यानं मांडीवर घेतले. ते गार होते. त्यानं तळवे दाबायला सुरुवात केली, बेतानं, चिमटीनं केलेल्या त्या पाचव्या जोडाला बोटं लागली नसतील इतक्या हलक्या हातानं.

"जरा जोरात," ती म्हणाली.

त्यानं जोर केला.

"तिथं नाही. थोडं वर. पोटऱ्यांना."

त्यानं हात वर सरकवले आणि तो तिच्या पोटऱ्या दाबत राहिला.